घरच्या घरी वेबसाइटचा सर्व्हर: कोणतं हार्डवेअर घ्यावं? खान्देशातून वारंवार येणारे प्रश्न

रावेरच्या केळी बागायतदारापासून अमळनेरच्या क्लासवाल्यापर्यंत बरेच जण एकच विचारतात: वेबसाइट घरच्याच मशीनवर ठेवायची आहे, तर सामान कोणतं घ्यायचं? यूट्यूबवरचे सल्ले बहुतेक एसीच्या खोलीतून आलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो आणि वळवाचं वादळ आलं की लाइट जाते. म्हणून खालच्या उत्तरांत प्रोसेसरपेक्षा विजेला आणि उन्हाला जास्त जागा मिळाली आहे.

१. घरी वेबसाइट चालवायला नेमकं काय काय लागतं?

रात्रंदिवस चालू राहील असा एक लहान कॉम्प्युटर, एक एसएसडी, ८ ते १६ जीबी रॅम, राउटरपर्यंत लॅन केबल आणि लाइट गेल्यावर तग धरेल असा बॅकअप. मॉनिटर, कीबोर्ड, माउस फक्त लिनक्स टाकेपर्यंत लागतात. नंतर मशीन दुसऱ्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कवर चालवता येतं. ग्राफिक्स कार्ड लागत नाही (अपवाद प्रश्न १५ मध्ये). वायफायवर सर्व्हर ठेवू नका, केबलच ओढा.

खरेदीचा क्रम मात्र उलटा धरा. आधी नेट कनेक्शन तपासा, मग विजेची सोय, मग डिस्क, मग रॅम. प्रोसेसर शेवटी.

२. माझ्याकडे साधं घरगुती फायबर आहे. त्यावर साइट बाहेर दिसेल का?

कदाचित थेट दिसणार नाही. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे नेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी एखाद्या आकड्याने सुरू होत असेल, तर बाहेरचा खरा पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटून दिलेला आहे. याला सीजीनॅट म्हणतात आणि त्यातून बाहेरचा माणूस तुमच्या सर्व्हरपर्यंत थेट पोचत नाही. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल तरी बहुधा तेच दुखणं. उपाय तीन: पैसे भरून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घेणं, क्लाउडफ्लेअर टनेलसारखी सोय (सर्व्हर आतून बाहेर जोडणी करतो आणि लोक तिथून येतात) वापरणं, किंवा एखादा छोटा भाड्याचा व्हीपीएस (दूरच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर) घेऊन तिथून वायरगार्ड या व्हीपीएन सॉफ्टवेअरने घरापर्यंत वाट काढणं. आयपीव्ही-६ मिळत असेल तर तोही मार्ग आहे, पण ज्यांच्याकडे फक्त जुना आयपीव्ही-४ आहे त्यांना साइट दिसणार नाही.

हार्डवेअरच्या प्रश्नात हे आधी का, तर अपलोडचा वेग तुमची खरी मर्यादा ठरवतो. फोटो असलेलं एक पान २ एमबीचं धरा, म्हणजे १६ मेगाबिट. ४० एमबीपीएस अपलोडवर सेकंदाला अशी अडीच पानं जातील. मशीन कितीही महागडं असलं तरी त्याहून जास्त नाही. फोटो आकसून पान अर्ध्या एमबीवर आणलं तर दहा पानं जातील, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

३. प्रोसेसर किती ताकदीचा हवा?

नुसती एचटीएमएल पानं असतील तर गेल्या दहा-बारा वर्षांतला कोणताही चालेल. वर्डप्रेस, एखादं छोटं दुकान, क्लासच्या नोट्स असं असेल तर चार कोअर पुरतात.

नवीन घेणाऱ्यांना आम्ही बहुतेकदा इंटेल एन-१०० वाला मिनी पीसी सुचवतो. २०२३ मध्ये आलेला हा चार कोअरचा प्रोसेसर ६ वॅटच्या गटातला आहे आणि ताकदीने सहाव्या पिढीच्या डेस्कटॉप आय-५ च्या आसपास बसतो. त्यात रॅमची एकच वाहिनी आहे आणि इंटेलच्या कागदावर मर्यादा १६ जीबी आहे, एवढं लक्षात ठेवा. एकाच मशीनवर चार-पाच व्हर्च्युअल मशीन (एका कॉम्प्युटरच्या आत चालणारे वेगळे कॉम्प्युटर) चालवायची असतील तर प्रश्न ५ मधला पर्याय बरा.

४. रास्पबेरी पायवर भागेल का?

रास्पबेरी पाय म्हणजे तळहाताएवढा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर. छोट्या साइटला भागेल. पाय ५ बऱ्यापैकी दणकट आहे, पण तो ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर मागतो. मोबाइलच्या चार्जरवर चालवाल तर व्होल्टेज कमी पडल्याच्या तक्रारी सुरू होतात. दुसरं, मेमरी कार्डवर डेटाबेस ठेवू नका. सतत लिहिण्याने कार्ड मरतं आणि मरताना सांगत नाही. एसएसडी लावा.

आता बोर्ड, अडॅप्टर, केस, पंखा, एसएसडी आणि ती जोडायचा हॅट (पायवर बसणारा जादा बोर्ड) यांची बेरीज करा. ती सेकंडहँड मिनी पीसीच्या जवळ गेली की पायचा मोह सोडलेला बरा. पाय खरा शोभतो तो सोलरवर, प्रश्न १८ पाहा.

५. ऑफिसातून निघालेले जुने छोटे पीसी स्वस्त मिळतात. घ्यावेत का?

जरूर घ्यावेत, सध्या तर खासच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातव्या किंवा त्याआधीच्या पिढीचे इंटेल प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडता, विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. म्हणून कंपन्या धडाधड मशीन काढतायत. लिनक्सला त्याचं काही देणंघेणं नाही. डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी, लेनोवोचे थिंकसेंटर टायनी ही पुस्तकाएवढी मशीन्स लॅपटॉपसारख्या अडॅप्टरवर चालतात. आठव्या पिढीचा आय-५ ८५००टी मिळाला तर सहा कोअर ३५ वॅटच्या गटात मिळतात.

दुकानातच उघडून बघायच्या गोष्टी: बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड आहे का, पंखा खरखरतो का, अडॅप्टर त्याच कंपनीचा आहे का. डेलच्या मशीनला परका अडॅप्टर लावला तर ते अडॅप्टर ओळखत नाही आणि प्रोसेसरचा वेग पाडून चालतं. गिऱ्हाईक मग मशीनला नावं ठेवत बसतं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल न विचारता बदला. तो का, ते प्रश्न १५ मध्ये. सोबत मिळालेल्या जुन्या हार्डडिस्कवर विसंबू नका.

६. घरात जुना लॅपटॉप पडून आहे. तोच वापरला तर?

चालेल, आणि त्याची बॅटरी छोट्या यूपीएसचं काम करते. पण चोवीस तास चार्जिंगला लावलेली जुनी बॅटरी आपल्याकडच्या उन्हाळ्यात फुगते. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना झालं, तर ती बॅटरी त्याच दिवशी काढा. बायोसमध्ये किंवा लिनक्समधून चार्जिंग ६० ते ८० टक्क्यांवर थांबवता येत असेल तर थांबवा. लॅनचं पोर्ट आहे ना, हेही बघा.

७. महिन्याला वीजबिल किती वाढेल?

हिशेब सोपा आहे. १० वॅटचं मशीन महिनाभर अखंड चाललं तर ७.२ युनिट. ६५ वॅटचा जुना डेस्कटॉप ४६.८ युनिट. १०० वॅटचं धूड ७२ युनिट.

लोक चुकतात ते दरात. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटनंतर आणि पुन्हा ३०० नंतर दर चढतो. सर्व्हरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर येऊन बसतात, त्यामुळे त्यांना सरासरी दर लावू नका, तुमच्या बिलातला सगळ्यात वरचा दर लावा. एप्रिल-मे मध्ये कूलर चालू असताना तर हे फार जाणवतं. बॉक्सवर छापलेल्या वॅटवरही जाऊ नका. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये बसणारा वॅटमीटर मिळतो, तो लावून प्रत्यक्ष आकडा घ्या.

८. ऑनलाइन १४ कोअरचा झिऑन, बोर्ड आणि ३२ जीबी रॅम असा कॉम्बो फार स्वस्त दिसतोय. घेऊ का?

नको. हे डेटा सेंटरमधून निघालेले प्रोसेसर असतात, अनोळखी कंपनीच्या एक्स-९९ बोर्डावर बसवलेले. त्यातला १४ कोअरचा ई५-२६८० व्ही४ हा १२० वॅटच्या गटातला आहे. साधा पंखा त्याला पुरत नाही आणि नुसतं बसून असतानाही असं मशीन मिनी पीसीच्या कितीतरी पट वीज खातं. बायोस अपडेट कुठून आणायचा तेही कळत नाही. बोर्ड गेला की त्याची रॅम साध्या डेस्कटॉपला लागत नाही, कारण ती रजिस्टर्ड प्रकारची असते. वाचवलेले पैसे प्रश्न ७ मधल्या हिशेबाने बिलात जातील. एखाद्याला खरोखर शंभर-सव्वाशे जीबी रॅम हवी असेल, तर तेवढ्यापुरता विचार करावा.

९. रॅम किती? ईसीसी हवीच का?

एका वर्डप्रेस साइटला ४ जीबीतही भागतं, डेटाबेस आणि चार-दोन इतर गोष्टी धरून ८ जीबी सुखाची, १६ जीबी म्हणजे पुढची चिंता मिटली. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत, त्यामुळे रॅम आधीच बसवलेलं सेकंडहँड मशीन आता जास्त परवडतं.

ईसीसी रॅम मेमरीतली एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते. पैशाचे व्यवहार किंवा लोकांच्या नोंदी सांभाळत असाल तर चांगली. पण प्रोसेसर आणि बोर्ड दोघांनीही ती मानायला हवी. एरवी तेच पैसे बॅकअपवर घाला.

१०. एसएसडी कोणती? साटा की एनव्हीएमई?

साटा ही जुनी जोडणी, एनव्हीएमई नवी आणि वेगवान. वेबसाइटच्या कामाला दोन्हींतला फरक तुमच्या नेट कनेक्शनमधून दिसणारही नाही. मशीनला जी बसते ती घ्या. बघायचं ते टीबीडब्ल्यू, म्हणजे डिस्कवर एकूण किती टेराबाइट लिहिण्याची हमी आहे. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट ठेवणाऱ्या) डिस्कला ती ३०० च्या आसपास असते. रोज ३० जीबी लिहिलं तरी दहा हजार दिवस. म्हणजे झिजून मरण्याची भीती घरच्या सर्व्हरला नाही.

भीती आहे ती लिहिता लिहिता लाइट जाण्याची. डिस्कच्या पोटात अर्धवट राहिलेलं लिखाण डेटाबेस बिघडवतं. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडींत छोटे कपॅसिटर असतात. लाइट गेल्यावर हातातलं काम पुरं करण्याइतकी वीज ते धरून ठेवतात. अशी सेकंडहँड डिस्क मिळाली आणि तिचं उरलेलं आयुष्य स्मार्ट रिपोर्टमध्ये (डिस्क स्वतः ठेवते त्या तब्येतीच्या नोंदीत) चांगलं दिसलं, तर नव्या स्वस्त डिस्कपेक्षा ती घ्या. हजार रुपयांत ‘२ टीबी’ म्हणणाऱ्या पोर्टेबल एसएसडीच्या नादी लागू नका. आत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं.

११. दोन डिस्क मिरर केल्या की बॅकअप झाला ना?

झाला नाही. मिररमध्ये दोन्ही डिस्कवर एकच मजकूर असतो; एक गेली तर साइट चालू राहते, एवढंच. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते आणि मशीनमध्ये वीज उतरली तर दोन्ही डिस्क सोबतच जातात. एक प्रत घरातल्या दुसऱ्या डिस्कवर आणि एक घराबाहेर ठेवा: भावाकडे धुळ्याला किंवा क्लाउडवर, कुठेही. मिररसाठी हार्डडिस्क घेत असाल तर सीएमआर (माहितीच्या पट्ट्या शेजारी शेजारी) लिहिलेलीच घ्या. एसएमआर (पट्ट्या एकमेकींवर चढवलेल्या) प्रकारची डिस्क मिरर पुन्हा बांधताना फार रडवते.

१२. भाऊ, मना घर इन्व्हर्टर शे, मंग यूपीएस कसाले लेवाना?

प्रश्न अहिराणीत आला, तसाच ठेवला (घरी इन्व्हर्टर आहे, मग यूपीएस कशाला घ्यायचा, असा अर्थ). सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि उत्तर इन्व्हर्टरवर अवलंबून आहे.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर येईपर्यंत मध्ये क्षणभर वीज नसते. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद कळ काढतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या पाठीवर एक बटण असतं: एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला इको किंवा वाइड. यूपीएस बाजूला अदलाबदल झटपट होते आणि कॉम्प्युटर टिकतो. दुसऱ्या बाजूला वेळ जास्त लागतो; पंख्याला ते कळत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. आधी ते बटण कुठे आहे ते बघा.

यूपीएस बाजूची एक गोम आहे. व्होल्टेज साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइट असूनही बॅटरीवर उडी मारतो. ज्या गावात संध्याकाळी मोटारी चालू झाल्या की दिवे पिवळे पडतात, तिथे बॅटरी रोज निष्कारण रिकामी होईल आणि खरी लाइट गेल्यावर हात वर करेल. अशा ठिकाणी बटण वाइडवर राहू द्या आणि सर्व्हरपुरता ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह (व्होल्टेज कमी-जास्त झालं तरी बॅटरी न वापरता सावरणारा) यूपीएस वेगळा घ्या. ६०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात साधारण ३६० वॅट, मिनी पीसीला उदंड झाले. अडॅप्टरवर चालणाऱ्या मिनी पीसीचा इथे आणखी फायदा: अडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट काहीही पचवतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मात्र सर्व्हरला नको. चांगल्या प्रतीचे, अॅक्टिव्ह पीएफसी (वीज कार्यक्षमतेने ओढणारं सर्किट) असलेले पॉवर सप्लाय त्यावर गुरगुरतात किंवा बंद पडतात.

राउटर आणि फायबरची डबी विसरू नका. त्यांना १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो. तरीही कधी कधी घरात सगळं चालू असतं आणि नेट मेलेलं असतं, कारण केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्यातली बॅटरी संपलेली असते. त्यावर आपल्या घरातून इलाज नाही. यूपीएस घेताना यूएसबी पोर्ट असलेला घ्या. लिनक्समधलं नट हे सॉफ्टवेअर बॅटरी संपत आली की सर्व्हर नीट बंद करतं.

१३. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं. मशीन टिकेल?

टिकेल, जागा नीट निवडली तर. बाहेर ४५ असताना पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त असतं. प्रोसेसर साधारण १०० अंशांवर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो, पण साध्या एसएसडीची मर्यादा ७० आणि हार्डडिस्कची ६० अंश असते; बंद डबीत आत वीस अंशांची भर सहज पडते. पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तर दर दहा अंशांनी साधारण निम्मं होतं.

म्हणून तळमजल्यावरची आतली खोली, जमिनीपासून फूटभर वर. गावाकडे धाब्याचं (मातीच्या सपाट छताचं) घर असेल तर त्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही, फक्त वरून माती गळते तिथे ठेवू नका. माळा आणि गच्चीलगतची खोली टाळा. कूलरच्या झोतात ठेवण्याचा मोह होतो. तोही टाळा, ओलसर हवेतले क्षार आणि धूळ मिळून बोर्डावर थर बसतो. बिनपंख्याची मशीन्स जाहिरातीत छान दिसतात, आपल्याकडे पंखा असलेलंच घ्या.

धुळीचं म्हणाल तर हिवाळ्यात एकदा आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एकदा उघडून साफ करा. जिनिंगच्या जवळ राहत असाल तर कापसाचे तंतू पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखे जमतात. बाहेरून पंखा फिरताना दिसतो आणि हवा मात्र आत जात नाही. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बेअरिंग जातं.

१४. वीज कडाडली की काय काय काढून ठेवायचं?

प्लग आणि लॅन केबल, दोन्ही. फायबरच्या काचेतून वीज येत नाही, पण तांब्याच्या लॅन केबलमधून येते. घरातून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या घरापर्यंत उघड्यावरून लॅन केबल नेली असेल तर ती काढून फायबर आणि दोन मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन केबल जोडणाऱ्या डब्या) लावा. सर्ज प्रोटेक्टर अर्थिंगशिवाय नावालाच असतो. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज ते अर्थ जवळपास २३० व्होल्ट आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवेत.

१५. लाइट परत आली तरी सर्व्हर आपोआप सुरू होत नाही. मशीन खराब आहे का?

बहुधा नाही. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं याची एक सेटिंग असते, ती ‘पॉवर ऑन’ करा. केली होती आणि तरी होत नसेल तर सीआर२०३२ सेल संपलाय. सेटिंग विसरली जाते, घड्याळ मागे जातं आणि मशीन एफ-१ दाबायची वाट पाहत उभं राहतं, मॉनिटर नसल्याने तुम्हाला ते दिसत नाही. तिसरं कारण ग्राफिक्स. इंटेलचे नावाच्या शेवटी एफ असलेले प्रोसेसर आणि रायझन ५ ५६०० सारखे काही एएमडी यांच्यात ग्राफिक्स नसतं, आणि काही बोर्ड त्याशिवाय सुरूच व्हायला तयार होत नाहीत. प्रश्न १ मधला अपवाद तो हाच.

१६. याच सर्व्हरवर ईमेलही चालवू का?

हार्डवेअर पुरेल, पण करू नका. घरगुती कनेक्शनवर २५ नंबरचं पोर्ट बहुतेक बंद असतं आणि घरच्या पत्त्यावरून गेलेलं ईमेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतं.

१७. सामान जळगावात घ्यावं की ऑनलाइन?

मिनी पीसी आणि एसएसडी जिथे पक्कं बिल आणि वॉरंटी मिळेल तिथे घ्या. अडॅप्टर, यूपीएस, केबल मात्र गोलाणी मार्केटमध्ये किंवा आपल्या गावातल्या दुकानात हातात घेऊन बघून घ्या. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते आणि कुरियरने ती मागवण्यात अर्थ नाही. लॅन केबल घेताना टोक सोलून तार खरवडा. आत चांदीसारखी पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनिअम आहे, ठेवून द्या. एक जादा अडॅप्टर घरात असू द्या. शनिवारी रात्री तो जळतो.

१८. शेतातल्या घरी सर्व्हर ठेवायचा आहे, सोलरवर चालेल का?

चालेल, मशीन लहान असेल तर. मिनी पीसी किंवा पाय १० वॅट आणि ४जी राउटर ५ वॅट धरा, म्हणजे दिवसाला ३६० वॅट-तास. १०० वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात जेमतेम तेवढं देतं आणि आषाढ-श्रावणात निम्म्यावर येतं, म्हणून २०० वॅटचं घ्या. १२.८ व्होल्ट ५० अँपिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तासांची असते, ऊन नसताना दीड दिवस काढते. १२ व्होल्टवरून २३० आणि पुन्हा १९ असा उलटसुलट प्रवास करू नका. डीसी-डीसी कन्व्हर्टरने थेट १९ व्होल्ट काढा, पायसाठी ५. मोबाइलच्या नेटवर सीजीनॅट असतोच, त्यामुळे प्रश्न २ मधलं टनेल इथे लागणारच.

एक अडचण उन्हाळ्यातच समजते. या बॅटऱ्या बहुतेक ४५ अंशांपर्यंतच चार्ज होतात. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी त्याहून वर जातं, बॅटरीच्या आतलं सर्किट चार्जिंग तोडतं, आणि दिवसभर डोक्यावर रणरणतं ऊन असूनही रात्री दहाला सर्व्हर बंद पडतो. बॅटरी घराच्या आत, जमिनीलगत ठेवा आणि पॅनेलपासूनची वायर लांब जाईल म्हणून ती जाड घ्या.